एकाच सिलिंडरची दोन डोकी

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर आकुर्डीहून निगडीकडे जाताना कुणी पल्सर २००एनएस पूर्ण ताकदीपर्यंत नेली, तर तिचं इंजिन मिनिटाला साडेनऊ हजार फेरे घेत असतं. या वेगाला हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह सेकंदाला ७९ वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा मिटतो. दर खेपेला तो उघडा राहतो सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम चार. तेवढ्यात २०० घनसेंटिमीटरची जागा हवेने भरायची, आणि ही हवा भरते पाव ग्रॅमहूनही कमी. मिनिटभराचा हिशोब मांडला तर जवळजवळ ९५० लिटर हवा अशी आत जाते.

या सगळ्याचं वेळापत्रक हाताच्या पंजात मावणाऱ्या एका दांड्यावर घासून काढलेलं असतं. तो कॅमशाफ्ट. त्याच्यावरचे उंचवटे म्हणजे लोब. दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, लोब रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. लोब किती उंच, किती पसरट, चढण कुठे सुरू होते आणि उतार कुठे संपतो, यावर गाडी कुठे जोरात ओढेल आणि कुठे दम टाकेल हे ठरतं. धातूच्या एका वळणात यंत्राचा अख्खा स्वभाव साठवता येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

आकुर्डीत हे नवल सांगायला लांब जावं लागत नाही. बजाज ऑटो आणि फोर्स मोटर्स (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘टेम्पो’) या दोन्ही कंपन्यांच्या पत्त्यावर एकच पिन कोड आहे, ४११०३५. अॅल्युमिनियमचं ओतकाम करणारी जय हिंद इंडस्ट्रीजही इथलीच. हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याचं, फेसिंग केलेला, टॅपेट सेट करण्यात हात बसलेला माणूस इथे गल्लीगल्लीत भेटतो. तरी १९७२ पासून याच भागातून निघालेल्या चेतकला कॅमच नव्हता! ती टू-स्ट्रोक. जळालेल्या वायूची वाट तिचा पिस्टन स्वतःच वरखाली होताना उघडायचा आणि झाकायचा. फोर-स्ट्रोक इंजिन घराघरांत आलं आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा हा प्रश्न त्याच्याबरोबर आला.

प्रश्न वरवर सोपा आहे. पिस्टन खाली जायला लागला की व्हॉल्व्ह उघडावा, तळाला पोचला की मिटावा. पण असा कॅम बनवला तर इंजिन वरच्या फेऱ्यांना गुदमरेल. कारण हवेला वजन आहे, आणि वजन आहे म्हणून तिला एकदा धावायला लागल्यावर थांबायला वेळ लागतो. आकुर्डी स्टेशनवर सकाळची लोणावळा–पुणे लोकल हलायला लागली तरी दारातून आत शिरणारा लोंढा लगेच थांबत नाही. मागच्यांचा रेटा पुढच्यांना आत ढकलतच राहतो. हेडमधल्या पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटेत, हवेचं तसंच होतं. पोर्टचा छेद बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, छेदाचा पाचवा हिस्सा धरला, तर साडेनऊ हजार फेऱ्यांना तिथल्या हवेचा सरासरी वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. पिस्टन तळाशी वळून परत वर येऊ लागला तरी ही धावती हवा त्याच्या विरुद्ध दिशेने आत घुसत राहते. म्हणून इंजिन बनवणारे व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतात. रस्त्यावरच्या गाडीत पिस्टन तळातून वळल्यावर क्रँक आणखी साधारण ४० ते ६० अंश फिरेपर्यंत दार उघडंच असतं.

आता तेच इंजिन दीड हजार फेऱ्यांवर आणा. व्हॉल्व्ह २४० अंशांपुरता उघडा धरला तर वरच्या वेगाला त्याला चार मिलिसेकंद मिळत होते, इथे सव्वीसच्या वर मिळतात. वेळ भरपूर आहे, पण हवेत जोर उरलेला नाही. वर येणारा पिस्टन आत आलेली हवा उघड्या दारातून परत पोर्टमध्ये ढकलतो. जो उशीर वरच्या फेऱ्यांना सिलिंडर गच्च भरत होता, तोच खालच्या फेऱ्यांना तो रिकामा करतो. लोबचं माप एकदा घासलं की कायमचं. म्हणून कॅम निवडायचा म्हणजे, फेऱ्यांच्या कुठल्या पट्ट्यात सिलिंडर सगळ्यात चांगला भरायचा हे आधी ठरवायचं.

दुसरा गुंता ओव्हरलॅपचा. पिस्टन अगदी वर असताना थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात. वेगात बाहेर निघालेला जळका वायू मागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी ताजी हवा ओढून घेते. पिस्टन अजून खाली निघालेलाही नसतो आणि भरणं सुरू झालेलं असतं! पण फेरे कमी असले की तोच जळका वायू उलटा फिरून ताज्या हवेत मिसळतो, आणि गाडी जागेवर उभी असताना इंजिन अडखळत फिरतं. अमेरिकेतल्या मोठ्या कॅमच्या व्ही-८ गाड्यांचा तो धडधडता, लंगडता आवाज ऐकायला लोक गर्दी करतात. तो आवाज या उलट्या वायूचा आहे. ओव्हरलॅपमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोलही थेट बाहेर निसटतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर त्याला फारशी सवलत राहिली नाही.

एवढं समजल्यावर बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेला एक सुंदर प्रयोग डोळ्यांपुढे येतो. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये पहिली भागीदारी घेतली. २०१२ मध्ये भारतात केटीएमची ड्यूक २०० आली आणि त्याच वर्षी पल्सर २००एनएस. दोन्हींचा बोअर ७२ मिलिमीटर, दोन्हींचा स्ट्रोक ४९ मिलिमीटर, दोन्हींना चार व्हॉल्व्ह. फरक वर, हेडमध्ये. ड्यूकच्या हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट, एक आत येणाऱ्या हवेसाठी, एक बाहेर जाणाऱ्या वायूसाठी. पल्सरच्या हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट, आणि स्पार्क प्लग मात्र तीन. ड्यूकची ताकद २५ अश्वशक्ती, दहा हजार फेऱ्यांना. पल्सरची साडेतेवीस, साडेनऊ हजारांना. ड्यूकला इंजेक्शन होतं आणि पल्सरला कार्ब्युरेटर, त्यामुळे सगळा फरक हेडच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण दोन कॅम असले की दोन्ही बाजूंचे लोब स्वतंत्रपणे आखता येतात आणि मधले हलणारे भाग हलके ठेवता येतात. इथे हलकेपणा फार मोलाचा आहे. साडेनऊ हजार फेऱ्यांना व्हॉल्व्हला लोबच्या मागोमाग धावायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या कित्येकशे पट त्वरण सोसावं लागतं. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह लोबला सोडून हवेत तरंगतो, आणि मग वेळापत्रकाला काही अर्थ राहत नाही.

याहून बोलका प्रयोग डॉमिनारचा. डिसेंबर २०१६ मध्ये बजाजने डॉमिनार ४०० आणली. सिलिंडर केटीएम ३९०च्या घराण्यातलाच, बोअर ८९ आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर, ३७३ सीसी. हेड मात्र एका कॅमशाफ्टचं आणि तीन प्लगचं. ताकद ३५ अश्वशक्ती, ८,००० फेऱ्यांना. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, ३५ न्यूटन-मीटर, ६,५०० फेऱ्यांना. २०१९ मध्ये त्याच गाडीला दोन कॅमशाफ्टचं हेड बसवलं. ताकद झाली ४० अश्वशक्ती, ८,६५० फेऱ्यांना. आणि टॉर्क? तोच, ३५ न्यूटन-मीटर. फक्त तो आता ७,००० फेऱ्यांना मिळू लागला.

नव्या हेडने पिळाचा कमाल जोर वाढवलाच नाही. तो वरच्या फेऱ्यांना जास्त वेळ टिकवून धरला, बस्स. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. तोच जोर जास्त फेऱ्यांपर्यंत नेला की अश्वशक्तीचा आकडा आपोआप चढतो. गुणाकार करून पाहा: जुन्या हेडमध्ये ८,००० फेऱ्यांना साधारण ३०.७ न्यूटन-मीटर शिल्लक होते, नव्यात ८,६५० फेऱ्यांना साडेबत्तीस.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणि अर्धशतक मागे जाऊ. १९७० साली अमेरिकेत शेव्हरोलेने शेव्हेल या गाडीत ४५४ घनइंचाचं बिग-ब्लॉक इंजिन दिलं. ७.४ लिटर, आठ सिलिंडर. त्यांतला एकेक सिलिंडर ९३० घनसेंटिमीटरचा, पल्सरचं अख्खं इंजिन साडेचार वेळा सामावेल असा. तेही दोन अवतारांत मिळायचं. एलएस-५ मध्ये लंबगोल पोर्टची हेड, ५२ मिलिमीटरचे इनटेक व्हॉल्व्ह आणि सौम्य कॅम. एलएस-६ मध्ये मोठ्या चौकोनी पोर्टची हेड, साडेपंचावन्न मिलिमीटरचे व्हॉल्व्ह, कडक कॅम आणि जास्त कॉम्प्रेशन. बोअर-स्ट्रोक तेच. कंपनीचा आकडा पहिल्यासाठी ३६० अश्वशक्ती ४,४०० फेऱ्यांना, दुसऱ्यासाठी ४५० अश्वशक्ती ५,६०० फेऱ्यांना. त्या काळच्या अमेरिकन पद्धतीने हे आकडे सायलेन्सर, पंखा वगैरे न जोडता मोजलेले, म्हणून फुगलेले आहेत. पण तुलना दोघांची एकमेकांशीच आहे. टॉर्क दोन्हींचा सारखाच, ५०० पौंड-फूट, म्हणजे ६७८ न्यूटन-मीटर. पहिल्यात ३,२०० फेऱ्यांना, दुसऱ्यात ३,६०० फेऱ्यांना.

डॉमिनारची कहाणी, शब्दाला शब्द. सिलिंडर तोच, कमाल जोर तोच, जागा थोडी वर सरकलेली, अश्वशक्ती वाढलेली. आकुर्डीच्या सिंगल सिलिंडरला आणि डेट्रॉइटच्या राक्षसाला एकच नियम लागू पडतो.

तो का लागू पडतो याचं उत्तर एका छोट्या गुणाकारात आहे. ४५४च्या इंजिनाचा स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. ४,६०० फेऱ्यांना त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला साडेपंधरा मीटर. पल्सरचा स्ट्रोक ४९ मिलिमीटर, फेरे ९,५००. सरासरी वेग साडेपंधरा मीटर! फेऱ्यांच्या काट्यावर ही दोन इंजिनं वेगळ्या जगातली वाटतात, पण आत शिरणाऱ्या हवेला पिस्टन दोन्हीकडे सारख्याच वेगाने पळताना दिसतो. हवेला काटा दिसत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागदावर पुन्हा पुन्हा गुणून पाहिलं होतं.

हेडबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज पोर्टच्या आकाराचा. पोर्ट जितकं मोठं तितकी हवा जास्त, असं मनाला पटतं, आणि म्हणून हेड उघडून पोर्ट रुंद करून घ्यायची हौस पोरांना असते. पण वर पाहिलं तसं सिलिंडर भरतो तो हवेच्या वेगाने. पोर्ट मोठं केलं की तेवढीच हवा त्यातून हळू जाते, आणि हळू जाणाऱ्या हवेला उशिरा मिटणाऱ्या दारातून आत घुसायचा जोर राहत नाही. एलएस-६ची चौकोनी पोर्टं सव्वातीनशे घनसेंटिमीटरच्या आसपास, लंबगोल पोर्टं अडीचशेच्या आसपास. पहिली शर्यतीत तळपतात. सिग्नलवरून सुटताना दुसरी पुढे असतात. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीत इनटेक आरशासारखं चकचकीत करण्यात फायदा नाही. किंचित खरखरीत भिंत भिंतीला लागलेलं पेट्रोल परत हवेत मिसळायला मदत करते. चकाकी द्यायची तर एक्झॉस्टच्या बाजूला द्यावी, काजळी कमी धरेल.

हेड ओततात कसं हे एकदा तरी पाहावं. साच्यात पोर्टच्या आकाराचा वाळूचा गाभा, कोअर, बसवतात. भोवती वितळलेलं अॅल्युमिनियम ओततात, धातू गोठला की वाळू फोडून झटकून टाकतात, आणि मागे राहते ती वळणदार पोकळी. इतक्या खटाटोपाने घडवलेली खरी वस्तू म्हणजे एक रिकामी जागा. तिच्या वळणात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की वीस किलोमीटर पलीकडच्या चाकणच्या चाचणीत इंजिनाचा आलेख हलतो.

कॅमचा जन्म वेगळाच. त्यासाठी सोलापूरला जावं लागेल. चादरींच्या त्या गावात १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली, आणि आज तिचे कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींत फिरतात. चिल्ड कास्ट आयर्न ही त्यातली मूळ युक्ती. लोब जिथे येणार तिथे साच्यात धातूचे थंड तुकडे बसवतात. तिथलं बीड झटकन गोठतं, त्यातला कार्बन ग्राफाइट व्हायच्या आत लोखंडाशी बांधला जातो आणि पृष्ठभाग काचेसारखा कठीण होतो. आतला गाभा हळू गोठतो, म्हणून तो धक्का सोसणारा राहतो. एकाच ओतकामात एकाच दांड्याचे दोन स्वभाव! मग ग्राइंडिंगवर लोबला मायक्रॉनमध्ये माप येतं. त्या मापात खऱ्या चढणीच्या आधी एक अगदी सौम्य चढ ठेवलेला असतो, रॅम्प. थंड इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कागदाइतकी फट सोडावी लागते, कारण तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फिटर फिलर गेज घालून टॅपेट सेट करतो ती हीच फट. रॅम्प ती हळुवार मिटवतो आणि मगच खरी चढण सुरू होते. टॅपेट ढिले झाले की रॅम्पच्या पुढे जाऊन थेट चढणीवर आदळतात, आणि मुरलेला मेकॅनिक गाडी गल्लीत शिरतानाच म्हणतो, “टॅपेट वाजतंय.”

बजाजच्या आकुर्डीतल्या संशोधन केंद्रातल्या माणसांनी हेडबद्दल एक गोष्ट फार लवकर ओळखली होती: सिलिंडर भरणं हे निम्मं काम, भरलेलं नीट जाळणं उरलेलं निम्मं. कमी फेऱ्यांना आत घुसळण कमी, म्हणून ज्वाळा सावकाश पसरते. २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय आलं, दोन व्हॉल्व्हच्या छोट्या हेडमध्ये समोरासमोर दोन प्लग. दोन टोकांनी ज्वाळा निघाली की प्रत्येकीला निम्मंच अंतर तोडावं लागतं. मिश्रण थोडं पातळ असलं तरी पूर्ण जळतं, आणि ‘अॅव्हरेज’ व ‘पिकअप’ दोन्ही सांभाळले जातात. या प्लगचा हक्क कुणाचा, यावरून बजाज आणि टीव्हीएस यांचा वाद चेन्नईहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये न्यायालयाने टीव्हीएसला गाडी विकायला परवानगी देऊन विक्रीचा चोख हिशोब ठेवायला सांगितलं, आणि पेटंटसारखे खटले रोजच्या रोज चालवून लवकर निकाली काढावेत असा आदेश दिला. मुठीएवढ्या हेडने देशाच्या पेटंट खटल्यांना शिस्त लावली. एक्झॉस्टच्या नळीला जोडलेली एक्झॉसटेकची छोटी कुपीही याच विचारातली: बाहेर निघालेल्या वायूची लाट नळीत परतते, ती कमी फेऱ्यांना नेमक्या वेळी पोचावी म्हणून.

मग रस्त्यासाठी निवडायचं काय? माझं मत ठाम आहे. आधी स्वतःचा रस्ता बघावा. चिंचवड, आकुर्डी, निगडी या पट्ट्यात गाडी सिग्नल ते सिग्नल चालते आणि इंजिनाचा बहुतेक जन्म तीन ते सहा हजार फेऱ्यांत जातो. गाडीचं वजन आणि गिअरचं प्रमाण हातात घ्यावं, मग हेड निवडावं, चांगल्या वळणाचं आणि वेग टिकवणाऱ्या आटोपशीर पोर्टचं. कॅम सगळ्यात शेवटी, आणि मनात येतो त्याहून एक पायरी लहान. व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा मोठा कॅम घातला तर पिस्टनने हवा परत ढकलल्याने दाबायला हवाच कमी उरते. त्याची भरपाई करायला कॉम्प्रेशन वाढवावं लागतं, मग ठोके येऊ नयेत म्हणून पेट्रोलचा दर्जा बघावा लागतो, मग स्प्रिंगा, मग एक्झॉस्ट. एक लोब बदलला की अख्खं इंजिन त्याच्यामागे बदलायला लागतं. बिग-ब्लॉकमध्ये तर लहान कॅम निवडायचं कारण आणखी भक्कम: ७.४ लिटर मुळातच इतका जोर देतात की तो रस्त्यावर उतरवायला टायर कमी पडतात.

मे २०२४ मध्ये बजाजने पल्सर एनएस४००झेड आणली. सिलिंडर तोच ३७३ सीसीचा, हेड दोन कॅमशाफ्टचं. ताकद ४० अश्वशक्ती, ८,८०० फेऱ्यांना. आणि ३५ न्यूटन-मीटर पुन्हा ६,५०० फेऱ्यांना. पहिल्या डॉमिनारचा टॉर्क जिथे होता तिथेच आला, आणि दुसरीची अश्वशक्तीही सोबत राहिली. टॉर्कचा आलेख माथ्याशी चांगला सपाट असतो, त्यामुळे इंजेक्शन आणि ठिणगीची वेळ थोडी हलवली की कमाल बिंदू काही शे फेरे इकडेतिकडे सरकतो, हे खरं. पण सपाटी एवढी रुंद असणं हीच तर कमाई आहे. म्हणून शोरूममध्ये कमाल आकडा ऐकून थांबू नका, अख्खा आलेख मागा आणि त्यात चार हजार फेऱ्यांवर बोट ठेवा. आकुर्डीच्या चौकातून गाडी निघते ती तिथूनच.